माइकआधी गोधडी

नमस्कार मंडळी. भजनी मंडळातले इतके जण आलात, नाट्यगीतं गाणारेही दिसतायत, खूप बरं वाटलं. मला सगळे एकच विचारतात, घरी रेकॉर्डिंग करायचंय, माइक कुठला घेऊ? मी म्हणतो, आधी सांगा गाणार कुठल्या खोलीत? आपल्याकडे मोठा हॉल असला की खाली लाद्या, चारी बाजूंना उघड्या भिंती, तिथं एक टाळी वाजवून बघा, मागून टर्रर्र असा आवाज येतो ना, तोच तुमच्या आलापात जाऊन बसतो आणि एकदा बसला की कुठल्याही सॉफ्टवेअरनं धड निघत नाही.

माझंही तेच झालं, पैसे साठवून कंडेन्सर माइक घेतला आणि हॉलमध्येच लावला, तर आवाज विहिरीतून आल्यासारखा, त्यात स्वयंपाकघरातला फ्रिज आणि सकाळी पाव विकायला येणाऱ्या पोदेराचा भोंगा, सगळं स्वच्छ ऐकू येतंय. कंडेन्सर नाजूक कानाचा असतो, त्याला बहुधा 48 व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या तारेतूनच येणारी वीज, लागतो आणि जे असेल ते सगळं तो उचलतो. मग मी दोन-अडीच हजारांचा साधा डायनॅमिक माइक घेतला, स्टेजवर असतो तसलाच, तो इतका नाजूक कानाचा नसतो. श्युअरचा एसएम 58 हा 1966 सालचा माइक, अजून जगभर चालतो, त्याच जातीचे स्वस्त माइक मिळतात आणि घरच्या गाण्याला ते पुरतात.

आता गोधडी, खोलीचा तो टर्रर्र आवाज शोषायला. बहुतेक जण ती माइकच्या मागच्या भिंतीवर टांगतात. पण हे माइक पुढचं ऐकतात, पाठीमागचं फार कमी, म्हणजे माइकला काय दिसतं? तुम्ही आणि तुमच्या पाठीमागची भिंत. म्हणून जाड गोधडी किंवा कापसाची गादी तुमच्या पाठीमागे हवी, जमलं तर दोन्ही बाजूंनाही, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून उभे राहिलात तरी खूप फरक पडतो. अंड्यांचे ट्रे मात्र लावू नका, त्यानं जवळजवळ काही होत नाही. आणि माइकची पाठ फ्रिजकडे किंवा खिडकीकडे करा.

अंतर एक वीत. अगदी ओठाला लावलात तर खर्ज फुगतो, हातभर लांब गेलात तर पुन्हा खोली ऐकू यायला लागते. प, फ, भ चा फुंकर बसू नये म्हणून माइक तोंडासमोर न धरता जरासा बाजूला ठेवा, नाहीतर भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून मधे धरा, मी तेच वापरतो.

लेव्हल लावताना ‘हॅलो हॅलो’ म्हणू नका हो! तार षड्जाला जाऊन जोरात एक तान घ्या, तेव्हा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला आवाजाचा मीटर उणे 12 डीबीच्या आसपास राहिला पाहिजे, शून्याला गेला की आवाज फाटतो. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 24 बिट निवडून रेकॉर्ड करा, मग हळू आलाप लहान वाटला तरी नंतर वाढवता येतो, पण फाटलेली तान परत जोडता येत नाही. तानपुऱ्याचं अ‍ॅप स्पीकरवर नको, कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर लावा, एक कान उघडा ठेवलात तरी चालेल, स्वतःचा सूर कळतो. फक्त त्या कानावरून काढलेली हेडफोनची बाजू गालाशी दाबून ठेवा, नाहीतर तानपुरा माइकमध्ये शिरतो.

हं, तिथून मागून विचारतायत पावसाचं काय. जून ते सप्टेंबर पत्र्याखाली रेकॉर्डिंग होत नाही, सरळ सांगतो, सर थांबेपर्यंत तालीम करा. आणि कंडेन्सर असेल तर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, दमटपणानं माझा एक ऑगस्टमध्ये चरचरायला लागला होता, आठवडाभर डब्यात ठेवल्यावर ताळ्यावर आला.