वरळीचं सायन्स सेंटर: इथे हात लावायचाच

महालक्ष्मी स्टेशनला उतरून टॅक्सी केलीत तर नीट सांगा, नेहरू सायन्स सेंटर, कारण वरळीतच नेहरू तारांगण पण आहे आणि ते वेगळं.

तर हे ई. मोझेस रोडवरचं गेट. इथे आधी आली बाग, १९७९ साली, आंतरराष्ट्रीय बालवर्षात, आणि मोठी बिल्डिंग नंतर, १९८५ ला. म्हणजे आधी मुलांना मोकळ्यावर खेळू दिलं, मग छप्पर घातलं, मला तर हाच क्रम फार आवडतो.

आता या दोन मोठ्या डिश बघा, समोरासमोर आहेत, मध्ये चांगलं अंतर आहे. एकाने इकडे डिशकडे तोंड करून हळूच बोलायचं, दुसऱ्याने तिकडे कान लावायचा, आणि मधल्या माणसांना काही कळत नाही पण पलीकडे शब्द न् शब्द ऐकू येतो. एरवी आवाज चहूकडे पसरतो, डिशचा खोलगट आकार त्याला सरळ पलीकडे पाठवतो आणि तिकडची डिश तो परत एका जागी गोळा करते.

इथे आईबाबांची घाई सुरू होते, बोर्ड वाचून दाखवायची. प्लीज थांबा थोडं! पोरगं आधी भलत्याच जागी उभं राहणार, काही ऐकू येणार नाही, मग डोकं पुढे नेणार, मागे घेणार, आणि एका ठिकाणी एकदम ताईचा आवाज कानात. फोकस म्हणजे काय ते तेव्हाच कळलेलं असतं, शब्द नंतर सांगितला तरी चालतो.

याच विश्वासावर फ्रँक ओपनहायमरने, अणुबॉम्बवाल्या रॉबर्टचा धाकटा भाऊ, १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम, म्हणजे असंच हात लावून बघायचं विज्ञान संग्रहालय, उभं केलं. स्वतः फिजिक्सवाला, पण मधे बरीच वर्षं कोलोरॅडोत गुरं पाळली आणि तिथल्याच गावच्या शाळेत शिकवलं, मुलं कशी शिकतात ते त्याने तिथे जवळून पाहिलं होतं.

बागेत वाफेचं इंजिन आहे, मारुत विमान आहे, हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेलं, आणि मुंबईची ट्राम. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली, त्यामुळे आजीआजोबा सोबत असतील तर इथेही बोर्ड राहू द्या, त्यांनाच विचारा, चालती ट्राम पकडता यायची का.