तेरीज जुळेपर्यंत

(दृश्य: नागपूरची इतवारी, एप्रिलमधली रात्र. अर्ध्या ओढलेल्या शटरखालून रस्त्यावर पडलेला उजेड. दूर हातगाडीचा आवाज.)

फरक २७० रुपयांचा होता.

इतवारीत धान्याच्या एका आडतीवर माझे बाबा हिशेब लिहायचे. मार्च सरला की रोजकीर्दीवरून, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीवरून, खतावणी, म्हणजे प्रत्येक खात्याची वेगळी नोंद, पुरी करायची आणि खतावणीवरून तेरीज मांडायची, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्या दोन बाजूंना लिहायच्या. तेरजेच्या दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या यायला हव्यात. त्या वर्षी त्या आल्या नाहीत. मी आठवीत होतो आणि जेवणाचा डबा घेऊन दुकानात गेलो होतो. बाबांनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी २७० ला नऊने भागलं, बाकी उरली नाही. "आकडे उलटे पडलेत कुठंतरी," ते म्हणाले.

लिहिताना शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर पडणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. १,७४० च्या जागी १,४७० लिहिलं की २७० चा फरक येतो. नऊने भाग जात नसेल तर फरक निम्मा करून बघायचा, कारण जमेची रक्कम चुकून समोरच्या नावे बाजूला पडली असेल तर फरक तिच्या दुप्पट येतो. वहीचं पान उघडायच्या आधी, नुसत्या फरकाकडे बघून, चूक कोणत्या जातीची आहे याचा अंदाज बाबांना यायचा. मग शोध सुरू व्हायचा. एक जण आकडा मोठ्यानं वाचणार, दुसरा खूण करणार. शेकडो नोंदी. मध्येच वाचणारा थांबायचा आणि सगळी गादी गप्प व्हायची.

हे दृश्य मला आजवर पडद्यावर भेटलेलं नाही. ते इतकी वर्षं कुणाला कसं दिसलं नाही, या प्रश्नानं ही फिल्म सुरू झाली.

(दृश्य: लाल कापडी बांधणीच्या जुन्या वह्या. पानं उलटणारा हात.)

पडद्यावर जो दिसतो तो मुनीम किंवा दिवाणजी. काळी टोपी, नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा, काखेत वही. मालकाच्या एक पाऊल मागे उभा राहून तो कानात काहीतरी सांगतो, आणि पुढच्या प्रसंगात कुणाचं तरी शेत जातं. मराठी तमाशापटांत हा पाटलाच्या वाड्यावर असतो, हिंदीत ठाकूरच्या हवेलीवर.

ही प्रतिमा निव्वळ खोटी आहे असं मी म्हणणार नाही. १९५७ च्या 'मदर इंडिया'त कन्हैयालालनं उभा केलेला सुखीलाला आठवा. तो सावकार आहे, पण त्याचं खरं हत्यार वही आहे. नायिका राधाच्या सासूनं ५०० रुपयांच्या कर्जावर अंगठा उठवलाय आणि वहीत काय लिहिलंय हे घरात कुणालाच वाचता येत नाही. ही भीती पटकथेत जन्मलेली नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जाचे रोखे आणि हिशेबाची कागदपत्रं, आणि ती त्यांनी जाळली. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी वही म्हणजे बंद दार, आणि दाराशी बसलेला माणूस शत्रूच वाटणार. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

माझी तक्रार पुढची आहे. सावकाराची वही वाईट, म्हणून वही लिहिणारा प्रत्येक माणूस कपटी, असं सिनेमानं ठरवून टाकलं. गादीवरचा मुनीम हा महिन्याच्या पगारावर जगणारा माणूस. मालकाचा पैसा त्याच्या हातून जायचा, त्याच्या घरी जायचा नाही. १९५५ मध्ये देव आनंदचा 'मुनीमजी' आला. शीर्षकातच मुनीम, नायकच मुनीम, अशी संधी पुन्हा क्वचितच आली. लोकांच्या ओठांवर राहिलं ते 'जीवन के सफर में राही'. खातेवही कुणाला आठवत नाही.

(दृश्य: धंतोलीतल्या एका कार्यालयाची पाटी, जिना, फायलींचे गठ्ठे.)

इंग्रजी पडद्यानं हिशेबनिसाला लबाड कमी वेळा केलं, पण कंटाळवाणा मात्र पुष्कळदा केलं. १९६९ साली मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूच्या मालिकेत एक चार्टर्ड अकाउंटंट नोकरीचा सल्ला मागायला येतो. त्याला सिंहांना खेळवणारा व्हायचं असतं. हिशेब लिहिणारा म्हणजे नीरस माणूस, ही समजूत प्रेक्षकाच्या डोक्यात आधीपासूनच होती, म्हणून तो विनोद चालला.

अल कपोनचं उदाहरण मात्र मला जास्त लागतं. शिकागोचा हा गुंड शेवटी अडकला तो कर चुकवल्यामुळे. १९३१ मध्ये त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. करखात्याच्या फ्रँक विल्सननं जुगाराच्या अड्ड्याची जप्त झालेली वही शोधून काढली आणि तिच्यातलं हस्ताक्षर जुळवत जुळवत ती लिहिणाऱ्या हिशेबनिसापर्यंत माग काढला. एका वळणदार अक्षरानं शिकागोचा राजा तुरुंगात गेला! पण १९८७ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये विल्सनवर बेतलेला चष्मेवाला ऑस्कर वॉलेस हातात बंदूक घेऊन धावतो आणि पुढे लिफ्टमध्ये मारला जातो. खरा विल्सन १९७० पर्यंत जगला. दिग्दर्शकाला वहीत पुरेसा थरार दिसला नाही, म्हणून बंदूक आली. २०१६ च्या 'द अकाउंटंट'मध्ये बेन अ‍ॅफ्लेकच्या हातातही पुन्हा बंदूकच.

वहीवर ज्यांनी विश्वास टाकला असेही आहेत. १९६७ च्या 'द प्रोड्युसर्स'मध्ये सगळी गोष्टच हिशेब तपासताना उगवते: नाटक पडलं तर निर्मात्याला जास्त पैसा उरेल, हे लिओ ब्लूमला वह्या बघताना सुचतं. आणि १९९३ चा 'शिंडलर्स लिस्ट', नाझींच्या हातून ज्यूंना वाचवणाऱ्या यादीची गोष्ट. बेन किंग्जलेनं साकारलेला इट्झाक स्टर्न हा क्राकोवमधला खराखुरा हिशेबनीस होता. टाइपरायटरवर एकेक नाव उतरतं. वाचलेला प्रत्येक माणूस ही तिथं एक नोंद आहे, आणि म्हणून ती नोंद चुकून चालणार नाही. हिशेबनिसाच्या हाताची इतकी कदर मी दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात पाहिलेली नाही.

(दृश्य: सिव्हिल लाइन्स. झाडांची सावली, एजी ऑफिसची जुनी इमारत, सायकल स्टँड.)

आता आपल्या गावाकडे येऊ. मुंबई-पुण्याच्या लोकांना नागपूर म्हटलं की संत्री आठवतात. पण हे हिशेबाचंही शहर आहे. आयकर खात्याचे अधिकारी घडतात ते छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत. विदर्भ-मराठवाड्यातल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचे आदेश निघतात ते इथल्या महालेखाकार कार्यालयातून, म्हणजे आपल्या एजी ऑफिसातून.

आणि राजकुमार हिरानी याच गावचे. वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती, मुलगा कॉमर्सचा पदवीधर झाला, आणि त्यानं सीए व्हावं अशी आईवडिलांची इच्छा होती. तो पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकायला गेला. पुढं त्यानं मेडिकल कॉलेजवर चित्रपट केला, इंजिनिअरिंग कॉलेजवर केला. सीएवर नाही केला. हिरानींनी तो करावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण कॉमर्स घेतलेल्या नागपुरी पोराचं घर त्यांना आतून ठाऊक आहे.

त्यांच्या 'लगे रहो मुन्नाभाई'मध्ये, २००६ साली, एक म्हातारा पेन्शन अडवणाऱ्या बाबूपुढे एकेक कपडा उतरवून ठेवतो. टॉकीजमध्ये मी पण टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना बाबा एवढंच म्हणाले, "ज्यानं वेळेवर काढली, त्याला कोण दाखवणार?" कुणाची तीस वर्षांची नोकरी, मध्ये पडलेला खंड, पगारवाढीची तारीख, हे सगळं सेवापुस्तकातून ताडून बघणारं कुणीतरी खुर्चीत बसलेलं असतं. त्या माणसाचं काम नीट झालं की बातमी होत नाही. एका विधवेच्या खात्यात पहिल्या महिन्यात रक्कम जमा होते, इतकंच.

गेल्या काही वर्षांत थोडा फरक पडलाय. २०२३ च्या 'हाफ सीए' या वेबमालिकेत सीएच्या अभ्यासाला लागलेली मुलगी आहे आणि पुन्हापुन्हा फायनलला बसणारा नीरजही आहे. धंतोलीतल्या अभ्यासिकांमध्ये गोंदिया, वर्धा, यवतमाळहून आलेली मुलं-मुली मी पाहतो. परीक्षेतल्या विषयांचा एक ग्रुप सुटला, एक राहिला, घरी फोन करायचा की नाही, या विचारात ती जिन्यावर बसलेली असतात. १ जुलै १९४९ ला सनदी लेखापालांची, म्हणजे सीएंची, संस्था सुरू झाली. पडद्यानं तिच्या विद्यार्थ्याचा चेहरा नीट बघायला सत्तरहून जास्त वर्षं घेतली.

(दृश्य: पुन्हा इतवारी. तीच गल्ली, दिवसा. आत संगणक, त्यावर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर.)

बाबांची आडत आता दुसऱ्यांकडे आहे. गादीच्या जागी टेबल आलंय आणि टेबलावर हिशेब बघणारी पंचविशीतली मुलगी बसते. बेरजा यंत्र करतं, तेरीज आपोआप जुळते. पण फरक गेलेला नाही, त्यानं जागा बदललीय. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीचं टू-बी, म्हणजे विक्रेत्यांनी नोंदवलेल्या बिलांची यादी, येतं. दुकानाच्या खरेदीच्या नोंदी त्याच्याशी ताडायच्या. समोरच्यानं आपलं बिल पोर्टलवर चढवलं नसेल तर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकतं, आणि २० तारखेच्या आत रिटर्न जायला हवं. तोवर ती एकेका व्यापाऱ्याला फोन लावत असते.

आम्ही कॅमेरा लावला तेव्हा १८ तारीख होती. ती फोनवर होती.

"भाऊ, तुमचं अकरा तारखेचं बिल मले दिसून नाही राहिलं. हो न, बघितलं मी, दोनदा बघितलं. तुमच्या पोराले विचारा न एकदा. नंबर सांगते, लिहून घ्या."

तिनं फाइल उघडली, बोट ओळीवरून खाली नेलं, थांबली, आणि आमच्याकडे न बघता हातानं खूण केली.

"दादा, थोडे बाजूला व्हा. उजेड अडून राहिला."