लगेज डब्यातली गिटार

(रात्रीचं दादर. पुलावरून उतरणारी गर्दी. गर्दीत एक गिटार, एक अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर.)

पाठीवर गिटार असली की मुंबईत लगेज डबा देवासारखा धावून येतो. गिटार माझ्याकडे असते. अॅम्प तो उचलतो. लालबागच्या चाळीत वाढलेला माझा शाळेतला मित्र. गणपतीच्या दिवसांत तो कुणाला सापडत नाही. एरवी मात्र आमच्या ख्रिस्ती रॉक बँडची कुठली वायर कुठे जाते, ते आमच्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक.

मी भायखळ्याचा. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, त्याच परंपरेतल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, माझं घर चार पिढ्या आहे. आजी पेटी वाजवायची. तिच्या गाण्यांतली कितीतरी रेव्हरंड टिळकांची. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईतच बाप्तिस्मा घेतला आणि पुढे येशूला अभंगात आणलं, ओवीत आणलं, कीर्तनात उभं केलं. परक्या चालींवर अडखळणाऱ्या जिभेला आपला सूर मिळाला. देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) ड्रम्स कशाला, असं कुणी ज्येष्ठ विचारतात तेव्हा मला टिळक आठवतात. उपासनेत टाळ-मृदंग वाजला, तेव्हा तोही नवाच होता की. आणि बायबलमधलं दीडशेवं स्तोत्र तर डफ, तंतुवाद्यं, झणझणत्या झांजा सगळ्यांनाच आत बोलावतं.

(जुन्या कॅसेट्स. पेन्सिलीने फिरवलेली रीळ.)

साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातले कितीतरी हिप्पी तरुण येशूकडे वळले. गिटारी खाली ठेवून नव्हे, गिटारींसकट. ख्रिस्ती रॉकची सुरुवात तिथली. १९७२ मध्ये पेट्रा बँड उभा राहिला, ऐंशीच्या दशकात स्ट्रायपर आला. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे, हेवी मेटल, आणि मंचावरून गर्दीत फेकलेल्या बायबलच्या नव्या कराराच्या प्रती! ते पट्टे बायबलमधल्या यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातले; इंग्रजीत पट्टे आणि वळ दोन्ही ‘स्ट्राइप्स’च. त्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, अंगावर उठलेल्या वळांनी आपण बरे झालो, असं सांगणारं ते वचन.

ते वचन मला लहानपणापासून पाठ होतं. बाबा गेले आणि नुसतं पाठच उरलं. दोन वर्षं मी देवळाची पायरी चढलो नाही. गिटार कपाटावर, धूळ खात.

मित्राने मला काहीही समजावलं नाही. एका शनिवारी धोबी तलावला फुर्ताडोज या वाद्यांच्या दुकानातून तारांचा सेट घेऊन तो घरी आला. आईने चहा टाकला. तो खाली मांडी घालून बसला आणि गंजलेल्या तारा एकेक काढू लागला. त्याला गिटार येत नाही. पाचवी तार चुकीच्या खुंटीला गुंडाळली तेव्हा मला उठावंच लागलं.

“वांद्र्याला कार्यक्रम आहे, नुसता ऐकायला तरी चल,” म्हणाला.

शाळेचं मैदान होतं. पहिल्या गाण्याचे शब्द मला कळलेच नाहीत. बास गिटारचा पहिला सूर मात्र बरगड्यांत शिरला, पायाखालची जमीन हलली, आणि शेजारी अनोळखी माणसं हात वर करून, डोळे मिटून गात होती. मी प्रार्थना केली नव्हती. तरी गालावर ओघळ होते. मित्राने ते पाहिलं आणि नजर मंचाकडे वळवली. त्या नजर वळवण्याबद्दल मी प्रभूचे आभार रोज मानतो. त्याचे मात्र आजपर्यंत मानले नव्हते. म्हणून हा व्हिडिओ.

(मंच. दिवे मालवतात.)

रात्रीचे दहा वाजले की उघड्यावरचे स्पीकर बंद. तो नियम आम्ही पाळतो, शेवटचं गाणं पावणेदहाला. मग तो वायरी गुंडाळतो, कोपरापासून पंजापर्यंत, सारख्या वेढ्यांत. वांद्र्याहून दादर, पूल ओलांडून मध्य रेल्वे.

आज डब्यात रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेली एक कोळीण मावशी आहे.

“वाजीव की रे पोरा, नुसती काय मिरवतोस?”

मी गिटार काढतो. आजीच्या पेटीवरची, टिळकांची चाल. अॅम्प नाही, माइक नाही. मित्र डब्याच्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरतो. लालबागचा ठेका आहे, थोडा जलद. मी माझा वेग वाढवतो. भायखळा येतं, आम्ही दोघंही उतरत नाही.