लूर्द : आधी आजारी, मग बाकीचे

(दृश्य : जुन्या वस्तीतली अरुंद गल्ली. कॅमेरा एका दगडी खोलीत शिरतो.)

जेमतेम 4 मीटर लांब आणि तेवढीच रुंद अशी ही खोली. आज कॅथलिकांचं तीर्थक्षेत्र असलेल्या फ्रान्समधल्या लूर्द गावाचा तुरुंग एके काळी इथे होता. कैद्यांच्या प्रकृतीला जागा मानवत नाही म्हणून तो बंद केला गेला, आणि कैद्यांनाही नको झालेल्या या खोलीत सुबिरू कुटुंब राहायला आलं. आईबाप आणि चार मुलं. बाप पाणचक्कीवाला, पण चक्की हातची गेली आणि रोजंदारी नशिबी आली. थोरली बर्नादेत 14 वर्षांची. कॉलऱ्यातून वाचलेली, दम्याने बेजार. लिहिता-वाचता येत नव्हतं. फ्रेंचही धड येत नव्हतं, बोलायची ती डोंगराकडची गास्कोन बोली.

(दृश्य : पिरेनीजची शिखरं, खाली वळसा घेत जाणारी नदी.)

फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, स्पेनच्या सीमेवर पिरेनीज पर्वत उभा आहे. त्याच्या पायथ्याशी, गाव्ह द पो नदीच्या काठावर लूर्द. वर किल्ला, खाली बाजारपेठ. आसपासच्या गावांना गरम पाण्याचे झरे लाभलेले. श्रीमंत मंडळी हवापालटाला आणि औषधी स्नानाला तिकडे जायची, लूर्द नुसतं वाटेवरचं गाव.

11 फेब्रुवारी 1858. कडाक्याची थंडी. घरात सरपण नाही, म्हणून बर्नादेत बहीण आणि मैत्रिणीबरोबर नदीकाठच्या मासाबिएल कपारीपाशी गेली. जागा काही पवित्रबिवित्र नव्हती, डुकरं चारणारे लोक पावसात तिथे आडोसा घेत. दोघी पाणी ओलांडून गेल्या. बर्नादेत मागे राहून पायमोजे काढत होती, तेवढ्यात तिला वाऱ्याचा सोसाटा ऐकू आला. झाडं मात्र हलली नव्हती. कपारीत तिला एक तरुणी दिसली : पांढरा पोशाख, कमरेला निळा पट्टा, पावलांवर पिवळे गुलाब. बरोबरच्या दोघींना काहीच दिसलं नाही.

16 जुलैपर्यंत असं 18 वेळा घडलं, असं बर्नादेत सांगत राहिली. बघ्यांची गर्दी वाढली. ती दिसणारी बाई मात्र इतर कुणालाच कधी दिसली नाही.

(दृश्य : कपारीच्या आत, काचेखाली दिसणारा झरा.)

25 फेब्रुवारीचा प्रसंग चमत्कारिक आहे, आणि भक्तीच्या चित्रांत तो सहसा रंगवत नाहीत. झऱ्यावर जाऊन पाणी पी, असं बर्नादेतला सांगितलं गेलं. झरा तर कुठेच नाही. ती कपारीच्या कोपऱ्यात हाताने माती उकरू लागली. चिखल वर आला. तीनदा तिने तो टाकून दिला, चौथ्यांदा ओंजळभर गिळला. मग तिथला पाला खाल्ला. चिखलाने माखलेलं तोंड घेऊन ती वळली तेव्हा पोरगी वेडी झाली, असंच लोकांना वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तिथलं पाणी निवळत गेलं.

पोलीस कमिशनर जाकोमे यांनी तिला उलटसुलट प्रश्न विचारून पाहिलं. गावचे धर्मगुरू फादर पेरामालही खमके. इथे प्रार्थनामंदिर बांधा, असा निरोप घेऊन ती आली तेव्हा त्यांनी अट घातली : आधी त्या बाईचं नाव विचारून ये. 25 मार्चला ती धापा टाकत आली. विसरू नये म्हणून वाटभर घोकत आलेलं वाक्य तिने म्हणून दाखवलं : ‘मी निष्कलंक गर्भसंभव आहे.’ म्हणजे ती बाई येशूची आई मरिया. मरियेला गर्भात आल्या क्षणापासून पापाचा डाग नव्हता, हा सिद्धांत पोप नववे पायस यांनी 1854 मध्ये, म्हणजे चारच वर्षांपूर्वी जाहीर केला होता. धर्माची प्रश्नोत्तरंही धड पाठ न झालेल्या मुलीच्या तोंडी हे शब्द ऐकून फादर हादरले. पुढे शंका घेणाऱ्यांना बर्नादेतचं उत्तर ठरलेलं असे : मला हे तुम्हाला सांगायचं काम दिलंय, पटवून देण्याचं नाही.

(दृश्य : ओळीने लावलेले नळ, पाणी भरून घेणारे लोक.)

नगरपित्यांच्या डोक्यात निराळाच हिशेब होता. पाणी औषधी निघालं तर शेजारच्या गावांसारखं आपलंही नशीब उघडेल! तुलूझचे रसायनतज्ज्ञ फिलोल यांनी पाणी तपासलं. निकाल : पिण्याजोगं साधं पाणी, औषधी गुण नाहीत. तोवर सरकारने कपारीपुढे फळ्या ठोकून रस्ता बंद केला होता. ऑक्टोबरमध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने त्या निघाल्या. 1862 मध्ये बिशपांनी दर्शनांना मान्यता दिली, 1866 मध्ये रेल्वे आली, आणि साध्या पाण्याच्या या गावाने गरम झऱ्यांच्या गावांना मागे टाकलं. आज हॉटेलांच्या संख्येत फ्रान्समध्ये पॅरिसखालोखाल लूर्दचं नाव घेतात.

(दृश्य : निळ्या छपराच्या तीनचाकी गाड्यांची रांग.)

पण लूर्दचं खरं वेगळेपण या गाड्यांत आहे. आजारी माणूस आत बसतो, गुडघ्यांवर पांघरूण. पुढचा दांडा धरून स्वयंसेवक गाडी ओढतो. हे स्वयंसेवक एरवी बँकेत, शाळेत, कारखान्यात काम करणारे. सुट्टी घेऊन, स्वतःच्या खर्चाने येतात. रांगेत, मिरवणुकीत, मिस्सेच्या उपासनेत मान आजाऱ्यांचा, धडधाकटांनी मागे थांबायचं. एरवी आजारी माणसाला गर्दीपासून दूर ठेवतात, इथे गर्दी त्याच्यामागून चालते.

बरं होण्याचं काय? 1883 पासून इथे डॉक्टरांची कचेरी आहे. कोणी ‘मी बरा झालो’ म्हणत आला, की त्याचे कागद तपासले जातात. कोणत्याही धर्माचा, किंवा धर्म न मानणारा डॉक्टरसुद्धा या तपासणीला बसू शकतो. आजार गंभीर होता का? उपचारांनी तर बरा झाला नाही ना? गुण एकाएकी आला का, आणि तो टिकला का? वर्षानुवर्षं छाननी चालते, आणि शेवटचा शब्द त्या रुग्णाच्या गावच्या बिशपांचा. आजवर 7000 हून अधिक दावे आले, 2025 पर्यंत चमत्कार म्हणून मान्य झाले 72. इतकं कडक गाळप एखाद्या देवस्थानाने स्वतःहून लावावं, हे मला तरी बरं झालेल्यांच्या आकड्यापेक्षा जास्त विलक्षण वाटतं.

बर्नादेत स्वतः बरी झालीच नाही. 1866 मध्ये ती नव्हेरच्या मठात गेली आणि लूर्दला पुन्हा कधी आली नाही. 16 एप्रिल 1879 रोजी, 35 व्या वर्षी क्षयाने गेली. 1933 मध्ये तिला संतपद मिळालं. पोप दुसरे जॉन पॉल यांचा शेवटचा परदेश दौरा लूर्दचाच. ऑगस्ट 2004 मध्ये ते आले तेव्हा स्वतःच इतके थकलेले होते, की आजाऱ्यांतले एक म्हणूनच गुडघे टेकायला आले.

(दृश्य : रात्रीचे नऊ. मेणबत्त्यांची मिरवणूक, अनेक भाषांतली जपमाळ.)

मिरवणूक रोझरी बॅसिलिका या मोठ्या चर्चसमोर येते. तिच्या दर्शनी भागावर 2008 मध्ये बसवलेली मोझेक चित्रं आहेत. ती घडवणाऱ्या धर्मगुरूवर अनेक स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. 2024 मध्ये बिशपांनी या चित्रांवरचे दिवे बंद केले, 2025 मध्ये प्रवेशदारांवरची चित्रं झाकली. दुखावलेल्या माणसाने त्या चित्रांखालून आत जायचं कसं, हा प्रश्न इथे तरी टाळता येण्यासारखा नव्हता.

(दृश्य : फाटकाबाहेरची दुकानं.)

फाटकाच्या आत बाजार नाही, बाहेर मात्र दुकानांना अंत नाही. पंढरपूर-जेजुरी पाहिलेल्याला हा बाजार परका वाटणार नाही. सर्वांत खपाची वस्तू म्हणजे मरियेच्या आकाराची प्लास्टिकची बाटली, निळा मुकुट हेच तिचं बूच. अभिरुचीच्या दृष्टीने यावर नाक मुरडणं सोपं आहे. पण मुंबईत मालाडच्या ओर्लेममध्ये लुर्ड्स, म्हणजे लूर्दच्या मातेचं चर्च आहे, गोव्यात मुलींचं नाव लुर्डिस ठेवतात. त्या घरांत कुणी लूर्दला जायला निघालं, की शेजारपाजारचे आधीच सांगून ठेवतात : आमच्यासाठी पाणी आण. तेव्हा बाटल्या विमानात हातातल्या पिशवीत ठेवू नका, 100 मिलिलिटरच्या वरचं पाणी बऱ्याच विमानतळांवर काढून घेतात. मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून ठेवा, आणि बूच घट्ट बसलंय ना ते आधी बघा.