ल्युपस आणि मूत्रपिंड: न दुखणारी सूज

[पहाट. खिडकीतला मंद उजेड. झाकणाची स्वच्छ बाटली.]

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाची पहिली खबर बहुतेक वेळा हिच्यातूनच मिळते. ल्युपसमध्ये सांधे दुखतात, गालांवर लाली येते, केस गळतात, आणि माणूस डॉक्टरांकडे जातो. मूत्रपिंडाची सूज मात्र दुखत नाही. पापण्या सुजल्या, पावलांवर बोट दाबल्यावर खळगा राहू लागला, की आपलं लक्ष जातं. तोवर आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

[चित्रांकन: रक्तवाहिन्यांचा गुंता.]

एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, ग्लोमेरुलस. ल्युपसमध्ये शरीर स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध, डीएनएविरुद्धसुद्धा, प्रतिपिंडं बनवतं. ही प्रतिपिंडं आणि त्यांचे पुंजके गाळणीच्या भिंतीत अडकतात आणि तिथे कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं कामाला लागतात. जंतू मारण्यासाठी असलेली ही यंत्रणा आता गाळणीच पोखरते. या धामधुमीत कॉम्प्लिमेंट खर्ची पडतं, म्हणून त्यातल्या सी-३ आणि सी-४ या प्रथिनांची रक्तातली पातळी खाली येते. भिंत फाटली की प्रथिन गळतं, लाल पेशीही निसटतात.

[प्रयोगशाळा. लघवीची पट्टी रंग बदलते.]

निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलीग्रॅमपेक्षा कमी प्रथिन जातं. ल्युपसमध्ये हा आकडा ५०० च्या वर टिकून राहिला, तर बायोप्सीचा, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा, विचार करावा लागतो. आकडा खरा मिळण्यासाठी मात्र नमुना नीट घ्यायला हवा, आणि चुका इथेच होतात. भरपूर पाणी पिऊन दिलेली लघवी पातळ असते, तिच्यात पट्टी प्रथिन कमी दाखवते. म्हणून प्रथिन आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, लघवीवाटे जाणारा टाकाऊ पदार्थ) यांचं गुणोत्तर मागून घ्यावं. चोवीस तासांची लघवी साठवायची असेल, तर पहिल्या सकाळची लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची लघवी धरून सगळी जमा करायची. मधली एक जरी राहिली, तरी आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नये. आणि नमुना तासा-दोन तासांत सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा. लाल पेशींचे दंडगोल साचे (मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत घट्ट होऊन बनलेले) ही गाळणीच्या दाहाची सर्वांत बोलकी खूण, पण उशीर झाला की ते विरघळतात.

रक्ततपासणीत 'क्रिएटिनिन नॉर्मल आहे' एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. मूत्रपिंडाचं काम निम्म्याच्या आसपास मंदावेपर्यंत हा आकडा मर्यादेतच राहू शकतो. किरकोळ बांध्याच्या, स्नायू कमी असलेल्या व्यक्तीत तर तो आणखी फसवतो.

[सोनोग्राफीचा पडदा.]

बायोप्सीची भीती वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात रुग्ण पालथा झोपतो, कातडी आणि खालचा भाग बधिर करतात, सोनोग्राफीत बघत सुई नेतात. क्षणभर श्वास रोखायचा, 'टक' असा आवाज येतो, आणि दोऱ्याएवढा तुकडा हाती लागतो. सहसा असे दोन घेतात, कारण तुकड्यात किमान दहा गाळण्या दिसल्या तरच निदानावर भरवसा ठेवता येतो. आधी रक्तदाब आटोक्यात हवा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवलेल्या हव्यात. नाहीतर रक्तस्राव वाढतो. नंतर काही तास उताणं पडून राहायचं. लघवी लाल होतेय का, यावर लक्ष ठेवतात.

अहवालात आजाराचा वर्ग लिहिलेला असतो. असे सहा वर्ग आहेत. पहिले दोन सौम्य. तिसऱ्यात निम्म्याहून कमी गाळण्या सुजलेल्या, चौथ्यात निम्म्या किंवा जास्त. पाचव्यात भिंत जाड होऊन प्रथिन धो धो गळतं. सहाव्यात नव्वद टक्के किंवा अधिक गाळण्यांचे व्रण झालेले असतात. तिथे जोरदार औषधांनी मूत्रपिंड परत येत नाही, संसर्गाचा धोका मात्र वाढतो. लघवीवरून वर्गाचा नेमका अंदाज बांधता येत नाही, म्हणून डॉक्टरांचा बायोप्सीचा आग्रह.

गाळण्यांचा दाह करणारे इतर आजारही बायोप्सीतच वेगळे ओळखू येतात. अँका व्हॅस्क्युलायटिसमध्ये (बारीक रक्तवाहिन्यांचा दाह) प्रतिपिंडांचे पुंजके जवळजवळ दिसतच नाहीत. गाळणीच्या पायाभूत पडद्यावरच हल्ला झाला असेल, तर प्रतिपिंडांची सलग रेघ चमकते. हे दोन्ही आजार दिवसा-आठवड्यांत मूत्रपिंड निकामी करू शकतात, त्यामुळे तिथे थांबायला वेळ नसतो.

[गोळ्यांचा डबा, सात खाने.]

तिसऱ्या-चौथ्या वर्गात शिरेतून स्टेरॉइडचे एक ते तीन डोस, मग गोळ्या. मात्रा सहा महिन्यांत साधारण रोज ५ मिलीग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली आणायची. सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं औषध: मायकोफेनोलेट, रोज २ ते ३ ग्रॅम, किंवा सायक्लोफॉस्फामाइड. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बहुतेक सर्वांना, वजनाच्या दर किलोला रोज ५ मिलीग्रॅमच्या आत, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ठरलेल्या वेळी.

सूज उतरते, चेहरा पूर्ववत होतो, आणि इथेच गोळ्या सुटतात. वरून सगळं शांत दिसत असताना आतला दाह धुमसत असू शकतो. प्रथिन खाली यायला वर्ष लागू शकतं, काहींना त्याहून जास्त. औषधं निदान तीन वर्षं चालतात. स्टेरॉइड एकदम थांबवलं, तर शरीरात स्टेरॉइड बनवणारी, गोळ्यांमुळे झोपलेली ग्रंथी लगेच जागी होत नाही. रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. आणि सांधेदुखीसाठी स्वतःच्या मनाने घेतलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते.

[दोघीजणी, हातात फाईल.]

हा आजार बहुतांशी तरुण स्त्रियांना होतो, म्हणून बाळाचा विषय पहिल्याच भेटीत निघायला हवा. आजार किमान सहा महिने शांत हवा. मायकोफेनोलेटने गर्भात व्यंग येऊ शकतं. ते किमान सहा आठवडे आधी बंद करून त्याऐवजी अ‍ॅझाथायोप्रिन सुरू करतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मात्र चालू ठेवायचं. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब आणि प्रथिन वाढलं, तर तो गरोदरपणातला रक्तदाबाचा विकार (प्रीएक्लॅम्पसिया) की ल्युपसची उसळी, हे ओळखणं कठीण जातं. सी-३ घसरतंय आणि लघवीत लाल पेशींचे साचे दिसताहेत, तर रोख मूत्रपिंडाच्या दाहाकडे जातो.