बिट तेच, मग आवाज वेगळा का?

नमस्कार मंडळी. होम थिएटरवाले दोघे भेटले की पहिला वाद ठरलेला: ब्लू-रे डिस्कवर आवाज साठवायच्या दोन फॉरमॅटपैकी डॉल्बी ट्रूएचडी चांगलं की डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ? माझं म्हणणं आधीच सांगतो, हा वाद चुकीच्या जागी चाललाय. दोन्ही लॉसलेस आहेत, म्हणजे आवाज दाबून लहान करताना काहीच गमावत नाहीत. एन्कोडरमध्ये गेलेला मास्टर (मूळ ध्वनिमुद्रण) आणि डीकोडरमधून निघालेले आकडे यांत एका बिटाचाही फरक नसतो. इथे मताला जागाच नाही, हे गणित आहे.

५.१ म्हणजे सहा चॅनेल. प्रत्येक चॅनेलचे सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा. गुणाकार केला की सेकंदाला ६९,१२,००० बिट होतात. डीव्हीडीवर चित्रासोबत एवढं बसवणं परवडत नव्हतं, म्हणून तिथे डॉल्बी डिजिटलला फार तर ४,४८,००० बिटांत भागवावं लागलं. कानाला जाणवण्याची शक्यता कमी, ते टाकून द्यायचं, ही त्याची रीत. आपल्या सोलापुरी चादरीवरून सांगतो: घडी घालून गठ्ठ्यात दाबलेली चादर उघडली की ताणा-बाणा तसाच असतो, वजन कमी करायला सूत उपसलं, तर ते सूत काही परत येत नाही.

मग लॉसलेसमध्ये जागा वाचते कशी? ट्रूएचडीचा पाया म्हणजे मेरिडियनचं एमएलपी तंत्र, जे आधी डीव्हीडी-ऑडिओत होतं. ते आधीच्या नमुन्यांवरून पुढच्याचा अंदाज बांधतं आणि अंदाज किती चुकला एवढंच साठवतं. चूक लहान, म्हणून तिला बिटही कमी लागतात. डीकोडर तोच अंदाज बांधतो, चूक त्यात मिळवतो, आणि मूळ आकडा हजर. डीटीएसची वाट निराळी आहे. त्यात जुन्या लॉसी, म्हणजे काही भाग टाकून देणाऱ्या, डीटीएसचा गाभा असतो, आणि गाभा व मूळ यांतला फरक वेगळा जोडलेला असतो. जुना रिसीव्हर (आवाज उलगडून स्पीकरना देणारा डबा) नुसता गाभा वाजवतो, नवा फरक मिळवून मूळ उभं करतो. ‘पोटात लॉसी आहे, मग हे लॉसलेस कसं?’ ही शंका त्यामुळे टिकत नाही. तपासायचं असेल तर एकच मास्टर दोन्हींत एन्कोड करा, डीकोड करा, एक उलटा करून दुसऱ्यात मिळवा. बाकी शून्य उरते.

तरीही लोकांना फरक ऐकू येतो, आणि ते खोटं बोलत नाहीत. ट्रूएचडीत डायलनॉर्म नावाची नोंद असते. संवादांची पातळी एकसारखी राहावी म्हणून रिसीव्हर तिच्या आधारे सगळाच आवाज उतरवतो. नोंद उणे २७ असली की ४ डेसिबल कमी. डीटीएसच्या ट्रॅकवर बहुधा असं होत नाही, म्हणून तो मोठा वाजतो, आणि मोठा आवाज आपल्या कानाला नेहमी ‘भरदार’ वाटतो. पातळी जुळवून ऐका, मग बोलू. मोठ्या-लहान आवाजांतलं अंतर कमी करणारा डायनॅमिक रेंज कंट्रोल ‘ऑटो’वर असेल तर तो बंद करा. ब्लू-रे प्लेअरमधला सेकंडरी ऑडिओही (मुख्य आवाजात मेनूचे वगैरे आवाज मिसळणारी सोय) बंद करा. तो चालू असला की बऱ्याच प्लेअरमधून लॉसलेस बिटस्ट्रीम बाहेर पडतच नाही. ऑप्टिकल वायरीतून किंवा साध्या एआरसीमधून (टीव्हीचा आवाज एचडीएमआयने रिसीव्हरकडे परत पाठवायची सोय) ट्रूएचडी जात नाही. त्याला थेट एचडीएमआय किंवा एआरसीची सुधारलेली आवृत्ती, ईएआरसी, लागतं.

अ‍ॅटमॉसबद्दल मात्र जपून बोलावं लागतं. हा डॉल्बीचाच, डोक्यावरूनही आवाज आणणारा प्रकार. त्याच्या थिएटरच्या मिक्समध्ये १२८ पर्यंत ट्रॅक असू शकतात. घरासाठी जवळजवळचे आवाज एकत्र करून ते जास्तीत जास्त १६ घटकांत आणतात, आणि डिस्कवरचं ट्रूएचडी हे घटक बिनचूक पोचवतं. म्हणजे अचूकता त्या घटकांपुरती, थिएटरमधल्या मिक्सशी नाही. स्ट्रीमिंगवरचा अ‍ॅटमॉस तर सहसा डॉल्बी डिजिटल प्लसमधला, म्हणजे लॉसीच.

आता खोलीकडे या, कारण खरी हानी इथे होते. २४ बिटांत कागदावर १४४ डेसिबलचा आवाका आहे. आपल्याकडे मे महिन्यात पंखा पूर्ण वेगात नसेल तर बसवत नाही, आणि हळुवार प्रसंगातले सगळे बारकावे त्या घरघरीत बुडतात. खाली गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, त्यामुळे संवाद घुमतात. भिंतीवर जाड चादरी लावल्या की वरच्या सुरांचा घुमारा थोडा उतरतो, म्हणून काहींनी चारी भिंती झाकल्यात. बेसला त्याचं काहीच नाही. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या वर जाते, तिला सुती कापड काय अडवणार! १५ फूट लांब खोली ३८ हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते: एका खुर्चीवर गडगडाट, तर खोलीच्या मधोमध बसलेल्याला तोच सूर जवळजवळ गायब. हा फरक कितीतरी डेसिबलचा असतो आणि कुठलाही फॉरमॅट तो भरून काढत नाही. सबवूफर कोपऱ्यातून हलवा, बसायची जागा खोलीच्या मध्यावरून पुढे-मागे घ्या आणि तोच प्रसंग पुन्हा लावा. नवा रिसीव्हर घ्यायचा का, ते त्यानंतर ठरवा.