तारीख हलत नाही

(दृश्य : ग्वानाबारा खाडी, रिओ दि जानेरो. सकाळ. एक छोटी बोट.)

या बोटीच्या तोंडाशी लोखंडी जाळी बसवली आहे. बोट पुढे सरकते तशी जाळी पाण्यावर तरंगणारं सगळं उचलून घेते. बाटल्या, पिशव्या, फळकुटं, चपला. 2016च्या ऑगस्टमध्ये याच पाण्यावर ऑलिंपिकच्या शिडांच्या बोटींची शर्यत व्हायची होती. सुकाणूला एक पिशवी अडकली तरी बोटीचा वेग मरतो आणि खेळाडूची चार वर्षांची मेहनत तिथेच अडकते. म्हणून कचरा उचलणाऱ्या या बोटी फेऱ्या मारत होत्या.

पण खाडीचं दुखणं जाळीत सापडणारं नव्हतं. ते पाण्यात मिसळलेलं होतं.

(दृश्य : कोपनहेगन, 2 ऑक्टोबर 2009. लिफाफा उघडला जातो.)

शेवटच्या फेरीत माद्रिदला 32 मतं, रिओला 66. शिकागो आणि टोकियो आधीच बाद झाले होते. दक्षिण अमेरिकेला पहिल्यांदाच ऑलिंपिक मिळालं. राष्ट्राध्यक्ष लुला रडले, कोपाकबानाच्या वाळूवर लोक नाचले. त्या आनंदात खोटं काही नव्हतं. 2010 साली ब्राझीलची अर्थव्यवस्था साडेसात टक्क्यांनी वाढली आणि आता आपले दिवस आले, असं कुणालाही वाटलं असतं.

यजमानपद मिळतं तेव्हा शहराच्या हातात साधारण सात वर्षं असतात. एरवी पूल रखडला की उद्घाटन पुढे जातं, दवाखाना रखडला की नवी मुदत मिळते. इथे तशी सोय नाही. जगभरातले खेळाडू, प्रेक्षक आणि प्रक्षेपणाचे करार, सगळे एका तारखेला बांधलेले असतात. तारीख हलत नाही म्हटल्यावर काय पूर्ण करायचं आणि काय मागे ठेवायचं, हे ठरवावं लागतं. यजमान शहराची खरी परीक्षा या निवडीत असते, आणि रिओने काय निवडलं ते पाहताना मन अस्वस्थ होतं.

(दृश्य : खाडीला मिळणारा काळा नाला.)

बोलीच्या वेळी रिओने शब्द दिला होता की खाडीत जाणाऱ्या सांडपाण्यापैकी 80 टक्के पाण्यावर 2016पर्यंत प्रक्रिया होईल. खाडीच्या भोवती पंधरा-सोळा नगरपालिका आहेत आणि लाखो घरांचा मैला प्रक्रियेविना थेट पाण्यात जात होता. सफाईची मोठी योजना 1990च्या दशकातच सुरू झाली होती. परदेशी कर्जं घेतली गेली, शुद्धीकरण केंद्रं उभी राहिली. पण घरापासून केंद्रापर्यंत मैला नेणाऱ्या नळवाहिन्या पुरेशा टाकल्याच गेल्या नाहीत. टाक्या तयार, यंत्रं तयार आणि मैला मात्र बाजूच्या नाल्यातून समुद्राकडे.

केंद्राचं उद्घाटन करता येतं, फीत कापता येते. नळवाहिनी गल्लीगल्लीत रस्ता खणून जमिनीखाली जाते, तिचा फोटो निघत नाही. माझ्या मते रिओच्या तयारीची सगळी गोष्ट या फरकात आहे.

2015मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पाण्याची तपासणी करून घेतली. त्यात माणसाच्या विष्ठेतून येणारे विषाणू प्रचंड प्रमाणात सापडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सराव स्पर्धा झाली, आणि त्यानंतर एका जर्मन खेळाडूच्या पायाला औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाला. मरीनाजवळच्या, म्हणजे बोटी लावण्याच्या धक्क्याजवळच्या, सांडपाण्यामुळेच हे झालं असावं, असा त्याचा संशय होता. पुढच्या वर्षी त्याने त्याच खाडीत कांस्यपदक मिळवलं. तो काही आठवड्यांसाठी तिथे आला होता. किनाऱ्यावरचे कोळी रोज त्या पाण्यात हात घालतात.

80 टक्क्यांचा शब्द पाळता येणार नाही, हे सरकारने स्पर्धेआधीच मान्य करून टाकलं.

(दृश्य : तेलविहिरीचा मनोरा. मग रुग्णालयाबाहेरची रांग.)

मग पैसा आटला. रिओ राज्याची तिजोरी समुद्रातल्या तेलाच्या रॉयल्टीवर चालत होती. 2014च्या मध्यापर्यंत शंभर डॉलरच्या वर असलेलं तेलाचं पिंप 2016च्या सुरुवातीला तीस डॉलरच्या खाली आलं. पोलीस, मोठी रुग्णालयं, मेट्रो, सांडपाणी या सगळ्याची मुख्य जबाबदारी राज्याकडे होती. पगार थकले. 17 जून 2016 रोजी, स्पर्धेला 49 दिवस उरले असताना, प्रभारी राज्यपाल फ्रान्सिस्को दोर्नेलेस यांनी आर्थिक आणीबाणी जाहीर केली. केंद्र सरकारने 2.9 अब्ज रेआल (ब्राझीलचं चलन) दिले, तेव्हा स्पर्धेच्या सुरक्षेचा प्रश्न सुटला. विमानतळावर पगार न मिळालेले पोलीस आणि अग्निशमन दलाचे जवान फलक धरून उभे होते : ‘नरकात स्वागत आहे’. तोवर राष्ट्राध्यक्ष दिल्मा रुसेफ निलंबित झाल्या होत्या. डासांमुळे पसरणाऱ्या झिका विषाणूची साथ होती ती वेगळीच. स्पर्धा पुढे ढकला किंवा दुसरीकडे हलवा, असं दीडशेच्या आसपास शास्त्रज्ञांनी लिहून कळवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेला ते पटलं नाही. ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा असतो, डास कमी होतात. झिकाची भीती पुढे खरी ठरली नाही.

घाईची किंमत मात्र माणसांनी मोजली.

(दृश्य : निमेयर मार्ग. डोंगराच्या कड्याला लगटून जाणारा सायकलमार्ग, खाली समुद्र.)

हा सायकलमार्ग जानेवारी 2016मध्ये खुला झाला. देखणा होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला अटलांटिक. 21 एप्रिलला एक मोठी लाट खालून आदळली आणि तिने मार्गाचा एक तुकडा वर उचलून खाली टाकला. दोन माणसं गेली. खांबांवर टाकलेली फरशी वरून येणारा भार पेलायला केली होती, लाट खालून उचलेल हा विचारच झालेला नव्हता. समुद्राच्या डोक्यावर बांधताना लाटेचा हिशोब राहून जावा, हे पचत नाही. त्याच दिवशी ग्रीसमध्ये ऑलिंपियाला स्पर्धेची ज्योत पेटवली गेली.

जुलैच्या शेवटी क्रीडाग्राम उघडलं. 31 इमारती, 3,604 सदनिका. ऑस्ट्रेलियाच्या पथकाने एक साधी चाचणी घेतली. बऱ्याच मजल्यांवरचे नळ एकदम सोडले, संडासांचे फ्लश एकदम ओढले. भिंतींतून पाणी आलं, गॅसचा वास आला, विजेच्या तारांत शॉर्टसर्किट झालं. पथकाने आत राहायला नकार दिला. मग शेकडो प्लंबर आणि वायरमन दिवसरात्र कामाला लावले गेले आणि काही दिवसांत ते खेळाडू राहायला आले. म्हणजे काम होऊ शकत होतं. जगाचे डोळे लागले की होत होतं.

(दृश्य : मेट्रोचं चकचकीत स्थानक.)

शहरातल्या इपानेमा आणि बार्रा या भागांना जोडणारी मेट्रो 30 जुलैला सुरू झाली, स्पर्धेला सहा दिवस राहिले असताना. स्पर्धेच्या काळात ती पाहुण्यांसाठी आणि तिकीटधारकांसाठी राखीव होती. सामान्य प्रवाशांना सप्टेंबरपर्यंत थांबावं लागलं. याच मार्गावरचं गाव्हेया स्थानक अर्धवट सोडलं गेलं. त्याच्या खोल खड्ड्याच्या भिंती खचू नयेत म्हणून 2018मध्ये त्यात पाणी भरून ठेवावं लागलं.

(दृश्य : जाकारेपाग्वाचं सरोवर. काठावर एक छोटं चर्च.)

आणि आता विला ऑतोद्रोमो. या सगळ्यात जिथे जीव अडकतो ती जागा. मोटारशर्यतीच्या जुन्या ट्रॅकला लागून, सरोवराकाठी, 1960च्या दशकात कोळ्यांनी ही वस्ती वसवली. पुढे तिथे सुमारे 600 कुटुंबं राहू लागली. 1990च्या दशकात राज्य सरकारने रहिवाशांना राहण्याचं दीर्घ मुदतीचं हक्कपत्रही दिलं होतं. मग ट्रॅकच्या जागी ऑलिंपिक पार्क आलं.

रहिवासी नुसते अडून बसले नाहीत. दोन विद्यापीठांतल्या नियोजनकारांना सोबत घेऊन त्यांनी वस्ती जागच्या जागी सुधारण्याचा आराखडा केला. 2013मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. महापालिकेने तो स्वीकारला नाही. काही जणांनी जवळच्या नव्या सदनिका घेतल्या, काहींनी भरपाई घेतली, आणि त्यातल्या काहींना ती बरीही मिळाली, हे सांगायला हवं. पण जे राहिले त्यांच्या शेजारचं घर पाडलं जायचं आणि राडारोडा तिथेच पडून राहायचा. कधी पाणी बंद, कधी वीज. जून 2015मध्ये पालिकेचे रक्षक घर पाडायला आले तेव्हा झटापट झाली, माणसं रक्तबंबाळ झाली.

वीस कुटुंबं हटली नाहीत. स्पर्धेच्या तोंडावर त्यांना एका ओळीत वीस पांढरी घरं बांधून दिली गेली.

(दृश्य : पॅरिस, सीन नदी.)

तारीख गळ्याशी आली म्हणून जमिनीखालचं काम मागेच पडतं, असं नाही. पॅरिसने 2024च्या ऑलिंपिकसाठी सीन नदीच्या सफाईवर सुमारे 1.4 अब्ज युरो खर्च केले. पावसाचं आणि गटाराचं पाणी नदीत उसळू नये म्हणून ऑस्टरलित्झ स्थानकाजवळ जमिनीखाली प्रचंड टाकी बांधली. पाऊस आला आणि पुरुषांची ट्रायथलॉन (हिच्यात नदीत पोहायचं होतं) एक दिवस पुढे गेलीच. पण टाकी आणि वाहिन्या शहराकडे राहिल्या, आणि जुलै 2025मध्ये सीनमध्ये सामान्य लोकांना पोहायला परवानगी मिळाली. याआधी 1923मध्ये पोहण्यावर बंदी आली होती. पॅरिसकडे बहुतेक मैदानं आधीच तयार होती, त्यामुळे पैसा आणि लक्ष जमिनीखाली वळवता आलं. रिओला पार्क, क्रीडाग्राम, मेट्रो हे सगळं एकाच वेळी उभं करायचं होतं, तेही तिजोरी रिकामी होत असताना.

(दृश्य : रिओचं माराकाना स्टेडियम, जानेवारी 2017. वाळलेलं गवत, उखडलेल्या खुर्च्या.)

स्पर्धा संपली, मैदान ओस पडलं. खाडीचं काम तसंच राहिलं होतं.

ग्वानाबाराच्या सांडपाण्याचं काम नव्याने मार्गी लागलं ते 2021मध्ये, खासगी कंपन्यांना कंत्राट दिल्यावर. तेव्हा कुठलीही स्पर्धा तोंडावर नव्हती. जुन्या भूमिगत वाहिन्यांतला वर्षानुवर्षांचा गाळ उपसला गेला आणि खाडीवरच्या फ्लामेंगो किनाऱ्याचं पाणी सुधारू लागलं.

(दृश्य : पुन्हा विला ऑतोद्रोमो.)

18 मे 2016 रोजी, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनी, इथल्या लोकांनी विस्थापनाचं संग्रहालय सुरू केलं. त्याला इमारत नव्हती. पाडलेल्या घरांच्या विटा, फरशा आणि चौकटी घेऊन त्यांनी उघड्यावर शिल्पं रचली. ज्याचं घर जिथे होतं, तिथेच.